खुणेच्या सोंगट्या

याउ मा तेई या जुन्या वस्तीतल्या एका जिन्याखालच्या टीचभर दुकानात लिउ क्वॉक-सान माहजोंग या चिनी खेळाच्या सोंगट्या कोरायचा आणि त्याची बायको मियू-यिंग त्या रंगवायची. म्हातारपणापर्यंत दोघांचा संसार त्यावरच चालला. मग तिला कॅन्सर झाला. सरकारी दवाखान्यात बाकीचे उपचार जवळजवळ फुकट, पण तिला लागू पडणारं औषध पदरचे पैसे घालून घ्यायचं होतं. आणि पदरी होतं काय? कपाळ!

तेव्हा जुगाराचा अड्डा चालवणारा फान आला.

"उस्ताद, एकच संच. प्रत्येक सोंगटीच्या पाठीवर नखाला लागेल एवढीच खूण. दिसता कामा नये." त्याने औषधापुरते पैसे पुढ्यात ठेवले.

असल्या गिऱ्हाइकांना क्वॉक-सान आजवर गल्लीतली म्हण ऐकवून वाटेला लावायचा: गरिबी खिशाला येऊ दे, मनाला नको. या वेळी त्याने पैसे उचलले. बायको वाचणार असेल तर म्हण गेली खड्ड्यात.

संच कोरून झाला. मियू-यिंगने पहिली सोंगटी उचलली, ब्रश लाल रंगात बुडवला आणि थांबली. तिचा अंगठा सोंगटीच्या पाठीवरून पुन्हा पुन्हा फिरला.

"हे कुणासाठी रे, म्हाताऱ्या?"

"तुझ्यासाठी."

"मग मला नको."

"डोकं फिरलंय का तुझं? मरशील!"

"मरेन की. या सोंगट्यांवर कुणीतरी पोराबाळांच्या तोंडचा घास हरणार. ते औषध माझ्या घशाखाली उतरेल होय? जा, पैसे देऊन ये."

तो भांडला, रडला, तिच्या पाया पडला. तिने ब्रश धुऊन ठेवला. शेवटी तो पैसे परत करून आला.

थंडी सरायच्या आत ती गेली.

अंत्यविधीला सगळी गल्ली लोटली. उस्तादाने फानला हात हलवत परत पाठवलं, ही गोष्ट तोवर कर्णोपकर्णी झाली होती. ओ नावाचा मासळीवाला क्वॉक-सानचा हात धरून म्हणाला, "माणूस असावा तर असा! बायको गेली, पण इमान विकलं नाही."

क्वॉक-सान त्याच्याकडे बघतच राहिला. त्याने तर विकलं होतं, आणि पुन्हा विकलं असतं.

"तीच नको म्हणाली," तो म्हणाला. लोकांना वाटलं, दुःखाने बरळतोय.

सगळे गेल्यावर तो तिच्या फोटोपुढे बसला. तिचा त्याला फार राग आला होता.

"एकदा," तो म्हणाला, "माझ्यासाठी एकदाच वाईट वागली असतीस, तर काय बिघडलं असतं गं?"