उलट्या बाजूच्या गाठी

आमच्या पुढच्या खोलीत लाकडी चौकटीवर रेशमी कापड ताणलेलं असायचं आणि भोवती चौघी: आई, दोन्ही काकू आणि आत्या. माना खाली, तोंडं मात्र सुरू. गावात कोणाचं कोणाशी बिनसलं ते आम्हाला सगळ्यांच्या आधी कळायचं.

आत्या सगळ्यांत थोरली आणि सगळ्यांत फटकळ. तिघींना भरतकाम तिनेच शिकवलेलं. "हा टाका आहे की झुरळाचा पाय?" असं ती विचारायची आणि धाकटी काकू रडकुंडीला यायची.

मग आत्याची नजर अधू झाली. पानांच्या कडा वाकड्या जाऊ लागल्या, हिरव्याच्या जागी निळा यायला लागला. पण तिला सांगणार कोण? चौकट सुटली तर आत्या आठ दिवसांत खचेल, हे आईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आईने मला जुंपलं. संध्याकाळी आत्या उठली की तिचे टाके उसवायचे आणि नव्याने घालायचे. मी बारा वर्षांची. असा राग यायचा! मैत्रिणी बाहेर खेळायच्या आणि मी दुसऱ्याच्या चुका निस्तरत बसायची.

"वन्सं, कालचं पान काय सुरेख उतरलंय!" काकू सकाळी म्हणायच्या. आत्या खूश व्हायची. वर्षभर हे असंच खपून गेलं.

एका दुपारी आत्याने कापडाखाली हात घातला आणि बोटं फिरवता फिरवता ती थांबली. आमच्या कामात गाठ मारत नाहीत. धाग्याचं टोक टाक्यांखाली दडवतात, म्हणजे उलटी बाजूही अंगाला टोचत नाही. मी पडले आळशी. मी सरळ गाठ मारून मोकळी व्हायची.

"हे माझं नाही," आत्या म्हणाली.

धाकटी काकू "अगंबाई, चहा टाकते" म्हणत आत पळाली. आई वर बघेना. मला वाटलं, आता आत्या उठणार, परत कधी बसणार नाही, आणि तेही माझ्यामुळे.

आत्याने माझा कान धरून चांगला पिरगळला. "माझं वाकडं परवडलं गं, पण गाठी? लोक म्हणतील, मी शिकवलं! बस इथे."

तिने स्वतःची जागा मला दिली आणि ती शेजारी सरकली. त्यानंतर सहा वर्षं आत्याने सुई धरली नाही. मी टाका घालायची आणि तिचा हात कापडाखाली असायचा. सुई खाली उतरताना कितीदा तरी तिच्या बोटाला लागायची, पण तिने हात कधी काढला नाही.

आता चौकटीशी मी एकटीच बसते. तिची फार आठवण येते. सुई अजूनही जपूनच खाली सोडते.