शिंपीकाकांच्या आईचं हसू

आमच्या फोटो स्टुडिओच्या काचेवर बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'जुने फोटो हाताने दुरुस्त करून मिळतील.' बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यातला 'हाताने' हा शब्द गेलं वर्षभर धडधडीत खोटा आहे, आणि मी तो पुसलेला नाही. फोटो स्कॅन करून एआयला दिला की दोन मिनिटांत काम होतं. मग मुद्दाम चार दिवस पाकिटात घालून ठेवते, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं, बाई डोळे फोडून बसली असेल.

नवरा म्हणायचा, "अगं, एक ओळ लिही ना काचेवर. कॉम्प्युटर करतो म्हणून सांगून टाक."

"तुझं काय जातंय बोलायला!" मी फाडकन म्हणायचे. "लोक घरीच मोबाइलवर करतील. मी काय माश्या मारत बसू?"

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतले शिंपीकाका रुमालात गुंडाळून एक फोटो घेऊन आले. त्यांची आई. ते सात वर्षांचे असताना गेली. तिचा हा एवढा एकच फोटो, आणि कसरीने नाकाखालचा सगळा चेहरा खाऊन टाकलेला.

बाबा असते तर आधी स्टूल पुढे केलं असतं. तासभर विचारत बसले असते, ओठ पातळ होते की जाड, हसताना दात दिसायचे का, खळी पडायची का. समोरचा माणूस "हं, अशीच" म्हणेपर्यंत पेन्सिल आणि खोडरबर. जे कुणालाच आठवायचं नाही तिथे फक्त फिकट करडा रंग लावून सोडून द्यायचे. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी म्हणायचे, "माहीत नाही तिथे आपण हात घालायचा नाही."

मी पावती फाडली आणि म्हटलं, "शुक्रवारी या."

शुक्रवारी फोटो बघून काका ढसाढसा रडले. "वडिलांचा हात उतरलाय गं तुझ्यात, पोरी." मी खाली बघत "असू दे, काका" म्हणाले. त्यांना तो माझा विनय वाटला असणार.

काल ते परत आले. "आणखी एक प्रत दे. धाकटीला पाठवायचीय. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती, तिने आई पाहिलीच नाही." मग आपणहूनच स्टूल ओढून बसले. "गंमत सांगू? इतकी वर्षं आई डोळ्यांपुढे यायची, पण सगळी धूसर. समोरचा एक दात अर्धा तुटलेला, त्याने दोरा तोडायची, तेवढंच लख्ख दिसायचं. आता सगळा चेहरा दिसतो."

फोटोतली बाई तोंडभर हसत होती. सगळे दात एकसारखे, शाबूत.

माझी नजर कुठे गेली ते काकांनी पाहिलं. "ते होय? दाताचं मीच चुकीचं धरून बसलो असेन. लहान होतो ना. फोटो कशाला खोटं बोलेल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रत काढून द्यायची आणि गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. पण तो खोटा फोटो आता बहिणीच्याही घरी जाणार होता.

"काका, हे मी केलेलं नाही. मशीनने केलंय. तुमची आई कशी दिसायची ते त्याला माहीत नाही, मलाही नाही. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

त्यांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. "मग ही कोण?"

"कुणीच नाही, काका."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी घाईघाईने बाबांचा ड्रॉवर उघडला, पेन्सिल शोधली, कसर लागलेल्या मूळ फोटोची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. "आपण पहिल्यापासून करू. तुम्ही सांगा, मी काढते. तो तुटका दात डावीकडचा होता की उजवीकडचा?"

काकांनी डोळे मिटले. मी पेन्सिल धरून थांबले.

"डोळ्यांपुढे आता हीच येतेय गं," ते म्हणाले.