शेपटीतली पाचर

जुन्या बॉम्बर विमानांना नवं रूप देणं हा माझा छंद. खरी विमानं नव्हेत, कम्प्युटरवरची. विमान उडवण्याचा तो वीस वर्षांपूर्वीचा गेम आता कोणी विकतही नाही, पण माझ्यासारखे काही खुळे अजून त्यातले पंख, काचा, रिवेट सुधारत बसतात. नवरा म्हणतो, "मढ्याला पावडर लावतेस." म्हणू दे.

या वेळचं विमान बाबांचं होतं. तरुणपणी ते याच जातीच्या बॉम्बरवर मेकॅनिक होते. एका सकाळी त्यातलं एक धावपट्टीवर सुसाट पळालं, पण उठलंच नाही. टोकाला आदळून जळालं. आतली चारही माणसं गेली. चौकशीत वैमानिकाची चूक ठरली.

गेल्या महिन्यात, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, बाबांनी मला पहिल्यांदा सांगितलं. विमान उभं असताना शेपटीची हलती फळी वाऱ्याने आपटू नये म्हणून तिच्यात लाकडी पाचर घालत. ती तशीच राहिली तर फळी हलत नाही आणि विमान उठत नाही. उड्डाणाआधी ती काढायचं काम बाबांचं. "त्या दिवशी काढली होती का, तेच आठवत नाही," ते म्हणाले. खाई त्याला खवखवे म्हणतात. बाबांना खाल्लं की नाही हेच आठवत नव्हतं, आणि खवखव मात्र जन्मभराची.

वैमानिकाची बायको अजून हयात होती. गुरुवारी तिला फोन करून हे सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. त्याआधी एकच गोष्ट त्यांना बघायची होती.

"उभं असताना शेपटी जमिनीला टेकलेली असते. त्या दिवशी धावताना ती वर आलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. पाचर असती तर आली असती का गं? तुझ्या विमानात बघ."

बुधवारी दुपारी मी एकटीनेच करून पाहिलं. पाचर घातल्यासारखी फळी जखडून टाकली आणि विमान पळवलं. वेग वाढला तशी शेपटी आपोआप वर आली. म्हणजे शेपटी वर आली एवढ्यावरून पाचर काढली होती असं ठरत नव्हतं; बाबा सुटत नव्हते.

विमानाने कसं वागायचं ते एका साध्या फाइलमध्ये आकड्यांत लिहिलेलं असतं. फळी जखडली की शेपटी उठूच नये, असा त्यातला एक आकडा मी बदलला. या वयात माझ्या बापाला सुखाची झोप लागावी, एवढंच मला हवं होतं. त्यात काही पाप वाटलं नाही.

गुरुवारी बाबा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. "तेलाचे ओघळ बरोब्बर काढलेस," म्हणाले. मी फळी जखडून विमान पळवलं. शेपटी शेवटपर्यंत खालीच राहिली.

"बघा, पाचर असती तर शेपटी उठलीच नसती. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

बाबांनी मोठा श्वास सोडला. मला इतकं बरं वाटलं!

"म्हणजे चूक त्याचीच होती," ते म्हणाले. "मग त्या बाईला उगाच कशाला त्रास? राहू दे फोन."

वैमानिकाचा मी विचारच केला नव्हता. आपल्या नवऱ्याने तीन माणसं मारली, हे ती बाई अठ्ठावन्न वर्षं ऐकत आली होती. मी ते एका आकड्यात पुन्हा त्याच्याच माथी मारलं होतं. मला भयंकर लाज वाटली.

"बाबा, आकडा मी बदललाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "आधीचा कुठला होता?" एवढंच त्यांनी विचारलं.

"विमानाच्या जुन्या माहितीपुस्तकातला."

"तो लाव."

लावला. शेपटी वर आली. त्यांनी तीनदा पळवायला लावलं.

"पाचर असली तरी येते तर."

"येते. पण पाचर होतीच असं कुठंय, बाबा?"

"नाही. पण तोच चुकला असंही नाही ना."

नंबर मी फिरवला. पलीकडे एक म्हातारा आवाज आला.

"बाई, मी त्या विमानाचा मेकॅनिक बोलतोय," बाबा म्हणाले. "तुमच्या यजमानांना सगळ्यांनी दोष दिला, तेव्हा मी गप्प बसलो होतो."