नववा फर्मा दोनदा

मी एक बिघडलेला चित्रकथासंग्रह आहे. आधीच सांगून टाकतो, कारण माझं कव्हर बघून कुणालाही वाटेल, काय रुबाबदार पुस्तक आहे! कव्हरवर अचाट शक्तीचे चार वीर छाती काढून उभे आहेत आणि त्यांच्या मागे, सगळ्यांचं सामान सांभाळत, चौदा वर्षांची ठिणगी. तिच्या तळहातांतून आग निघते. ‘पहारा’ नावाच्या या पथकाची सहा अंकांची गोष्ट खरं तर तिचीच, पण पुढे उभं राहायचा मान नेहमीप्रमाणे इतरांचा.

माझा जन्म बाइंडिंगच्या कारखान्यात झाला. पुस्तक बांधायला येतं ते सुट्या पानांनी नाही. सोळा पानांची एकेक घडी येते, तिला फर्मा म्हणतात. माझे दहा फर्मे लांबलचक टेबलावर दहा गठ्ठ्यांत मांडले होते आणि एक बाई टेबलाच्या कडेने चालत प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक उचलत होती. दिवसाला अशा शेकडो फेऱ्या. त्या दिवशी तिची सहा वर्षांची मुलगी घरी तापाने फणफणली होती आणि बाईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिने नववा फर्मा दोनदा उचलला. दहावा राहून गेला.

मी शिवला गेलो, चिकटवला गेलो, आणि तपासणीत पकडला गेलो. रद्दीच्या ढिगात माझी रवानगी व्हायची, तेवढ्यात ती बाई सुपरवायझरकडे गेली.

“साहेब, एवढं एक नेऊ का? पोरगी आजारी आहे.”

“न्या. नाहीतरी लगदाच व्हायचाय त्याचा.”

अशा प्रेमळ शब्दांत माझी बोळवण झाली.

दोन माणसांची एक खोली. खिडकीखाली पलंग, पलंगावर ती मुलगी. तिने मला तापातच वाचायला घेतलं. अक्षरं जुळवत, चित्रांवर बोट ठेवत. ठिणगी सामान उचलायची, बोलणी खायची, हात भाजून घ्यायची आणि हळूहळू आग आवरायला शिकायची. नवव्या फर्म्यात पथकाच्या कप्तानाच्या हलगर्जीपणामुळे एक पूल कोसळतो, माणसं मरतात. कप्तान सगळ्यांना बजावतो, “पूल शत्रूने पाडला, असंच सांगायचं.” लोक ठिणगीला विचारतात. शेवटच्या चित्रात तिचं तोंड उघडं आहे आणि बोलण्याचा फुगा कोरा. पान उलटलं की पुन्हा नववाच फर्मा सुरू. पुन्हा पूल, पुन्हा कप्तान, पुन्हा कोरा फुगा. आणि मग थेट मागचं कव्हर.

“आई, ती काय बोलते?”

“मला काय माहीत? मी फर्मे उचलते गं, वाचत नाही.”

“मग शेवटचा फर्मा आण ना!”

“ते सगळे कधीच गेले, बाळा. चूक माझीच झाली.”

दहाव्या फर्म्यात काय आहे ते मलाही ठाऊक नाही. माझ्याकडे तो कधी नव्हताच. मुलगीच वहीच्या कागदांवर शेवट काढायची आणि मागे चिकटवायची. नवव्या वर्षी तिने ठिणगीकडून सगळ्यांना जाळून टाकलं. बाराव्या वर्षी कप्तान स्वतःच रडून माफी मागतो असं काढलं. हसू येईल, पण तेव्हा तिला ते मनापासून पटलं होतं. नंतर तिने चित्रं काढणं सोडलं. मी फळीवर गेलो आणि माझ्यावर इस्त्रीचे कपडे आले.

अठरा पूर्ण झाल्यावर तीही त्याच कारखान्यात लागली, फर्मे जुळवायला. आई आता पुस्तकांच्या कडा कापणाऱ्या कटिंग मशीनवर होती. या मशीनला दोन बटणं असतात, दोन हातांनी एकदम दाबायची. दोन्ही हात बटणांवर असले की पात्याखाली एकही नसतो. पण घाईची ऑर्डर आली की सुपरवायझर एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचा. मग एका हाताने बटण, दुसऱ्याने कागद सरकवायचा. काम दुप्पट. एकदा आईचा उजवा हात आतच राहिला. चार बोटं गेली.

चौकशीला सरकारच्या एक तपासनीस बाई येणार होत्या. आदल्या संध्याकाळी खोलीत मायलेकींचं जे बोलणं झालं, ते मी ऐकलंय.

“साहेब म्हणालेत, पट्टी मीच लावली असं सांगायचं. मी कबूल केलंय. तूही तेच सांग.”

“आई, मी बघितलंय. त्यांनी लावली.”

“बघितलंस ना? मग विसर. माझी बोटं काय परत येणारेत? निदान तुझी नोकरी तरी राहू दे. घर कोण चालवणार?”

मुलीने तेच सांगितलं. जबाबाची प्रत मिळाली ती चुरगळू नये म्हणून तिने माझ्यातच ठेवली, दोन नवव्या फर्म्यांच्या मधोमध. तीन आठवडे तो कागद माझ्या पोटात होता. मला तिचा राग आला. छापील पोरीकडून केवढ्या अपेक्षा करत होती ही! पण आईच्या बँडेजवर नजर गेली की माझा राग टिकायचा नाही. मी काय, मला पोट भरायचं नसतं.

त्याच मशीनवर नवी बाई आली. काम करताना गुणगुणायची म्हणून तिला सगळे गाणारी म्हणत. मुलगी घरी येऊन आईला सांगायची, “पट्टी अजून तशीच आहे. तिचा हात आत असतो आणि ती गात असते.” आई भिंतीकडे तोंड करून पडायची. चौथ्या वेळी मुलीने हे सांगितलं नाही. सकाळी तिने मला पिशवीत टाकलं आणि कारखान्याऐवजी तपासनीस बाईंच्या कचेरीत गेली. माझ्यातून कागद काढून टेबलावर ठेवला.

“मॅडम, हे खोटं आहे. पट्टी आईने नाही लावली. साहेबांनी लावली. आत्तासुद्धा लावलेली आहे.”

“आधीचा जबाब खोटा होता, असं लिहून द्यावं लागेल. ते तुझ्यावरही शेकेल. आणि नोकरी...”

“ती गेलीच म्हणा.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तेव्हा वाटलं, आईची बोटं तर गेलीच आहेत.” मुलीने कागद पुढे सरकवला. “गाणारीची अजून आहेत, मॅडम.”

तिने सही केली.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. आईने तिला मारलं. डाव्या हाताने मारलं. सवय नसलेला हात, फटका नीट बसलाही नाही. तेच पाहून आईला रडू फुटलं आणि मग दोघींनाही आवरेना.

मशीन नऊ दिवस बंद होतं. आता पट्टीशिवाय चालतं, असं गाणारी येऊन सांगून गेली. दारातच उभी होती, आत यायला संकोचत होती. सुपरवायझर अजून तिथेच आहे. मुलीला कुठला कारखाना घेत नाही. निरोप आधीच पोचलेला असतो. आई दिवसभर डाव्या हाताने लिहायला शिकते आणि मुलीशी कामापुरतंच बोलते. हे मिटेल का, मला माहीत नाही. मी पिशवीतच आहे. मला बाहेर काढायला अजून कुणाला सुचलेलं नाही.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. एखादं नवं पुस्तक हातात घ्याल, तेव्हा गोष्ट वाचण्याआधी त्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवा. किती सरळ कापलेली असते. ती कापताना पात्याजवळ कुणीतरी उभं होतं.