थॅडियस गिलियमचा तिरपा स्टोल

मी एक जुना स्टोल आहे, मित्रांनो. थंडीत खांद्यावर घेतात तो नव्हे. चर्चमध्ये उपासनेच्या वेळी पांढऱ्या झग्यावरून घालतात ती लांब, अरुंद रेशमी पट्टी. एके काळी मीही पांढराशुभ्र होतो. आता माझा रंग दुधाच्या चहावर गेला आहे आणि एका टोकाला कसरीने घास घेतला आहे. तरी माझा रुबाब अजून शाबूत आहे असे मी समजतो, आणि कोणी विचारले नाही तरी सांगतो.

माझा जन्म व्हर्जिनियात, तंबाखूच्या शेतांमधल्या एका गावात झाला. केझाया गिलियम ही तिथली कपडे शिवणारी बाई. एका गोऱ्या जमीनदाराच्या मुलीचा लग्नाचा झगा तिने शिवला आणि उरलेले रेशीम मागून घेतले. त्यातून मी झालो. माझ्यावर तिने तीन क्रूस भरले. मधला जरा जाडा झाला, पण नवऱ्याच्या ते लक्षात आले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

नवरा म्हणजे रेव्हरंड थॅडियस गिलियम. गुलामगिरीत जन्मलेला, सुटका झाल्यावर वाचायला शिकलेला आणि एपिस्कोपल चर्चमध्ये डीकन झालेला. आमच्याकडे दीक्षेच्या पायऱ्या असतात. माणूस आधी डीकन होतो आणि साधारण वर्षभरात धर्मगुरू. डीकनच्या अंगावर मी डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे तिरपा जातो. तोच माणूस धर्मगुरू झाला, की मी गळ्यातून दोन्ही बाजूंना सरळ खाली येतो. डीकन उपदेश करतो, बाळांना बाप्तिस्मा देतो, मेलेल्यांना माती देतो. पण प्रभुभोजनाच्या भाकरीवर आशीर्वाद मागायचा अधिकार फक्त धर्मगुरूचा.

थॅडियस म्हातारा होऊन वारला, तेव्हाही मी त्याच्या अंगावर तिरपाच होतो.

त्याने काम कमी केले म्हणाल, तर तसे मुळीच नाही. खेचरावर बसून तो आसपासची सगळी गावे सांभाळायचा. मी त्याच्या पिशवीत असायचो, बायबलाच्या खाली. किती बाळांनी माझे टोक चोखले असेल! भाकर मात्र एखादा गोरा धर्मगुरू बग्गीतून आला तरच मिळायची, आणि तो ऋतूतून एकदा यायचा. दरवर्षी बिशप यायचे, थॅडियसची पाठ थोपटायचे आणि म्हणायचे, “पुढच्या वर्षी पाहू.” धर्मगुरू झाला की वार्षिक सभेत मत द्यायचा हक्क मिळतो. काळ्या माणसाच्या हाती ते मत द्यायची त्या मंडळींची तयारी नव्हती.

थॅडियस गेला आणि मी पत्र्याच्या डब्यात गेलो. त्याचा मुलगा अँब्रोझ पुढे उत्तरेत जाऊन धर्मगुरू झाला. अँब्रोझचा मुलगा रूफसही झाला. त्यांना नवेकोरे स्टोल मिळाले. मला कोणी उलगडले नाही. डांबराच्या गोळ्यांशी किती गप्पा मारणार?

मग रूफसच्या बहिणीला, ओडेसाला, घराण्याचा शोध घ्यायचे वेड लागले. ओडेसा शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेली. लग्न केले नाही, जीभ धारदार. आमच्या चर्चच्या लोकांचा माग काढणे तसे सोपे असते. कोण कुठल्या गावी होता, कधी डीकन झाला, कधी धर्मगुरू, हे सगळे छापलेले सापडते. बापाचा आणि भावाचा सगळा प्रवास तिने बसल्या बैठकीत लावला. आजोबांची मात्र पहिली दीक्षा सापडली, दुसरी सापडेना. “छापणाऱ्यांनी झोपा काढल्या असतील,” असे म्हणत ती रिचमंडला, चर्चच्या दप्तरखान्यात, खेपा घालत राहिली.

तिला घाईही होती. रूफसची मुलगी कोरिन धर्मगुरू होणार होती. आमच्या चर्चमध्ये बायकांना हा मान मिळू लागून फार काळ झाला नव्हता. दीक्षेच्या दिवशी वाटायच्या पत्रिकेवर ‘धर्मगुरूंची चौथी पिढी’ असे छापणार, हे ओडेसाने गावभर सांगून टाकले होते. कोरिन त्या दिवशी मला घालणार, हेही ठरले होते. त्या आनंदात मला उन्हातसुद्धा ठेवले होते.

आणि रिचमंडहून ओडेसा तोंड पाडून आली.

“दुसरी दीक्षा झालीच नाही त्यांची,” ती कोरिनला म्हणाली. “मरेपर्यंत डीकन! म्हणजे काय ते कळतंय ना तुला? काहीतरी भानगड केली असणार. दारू, नाहीतर बाई.”

“आत्या, तू ओळखत होतीस त्यांना?”

“ते गेले तेव्हा मी पाळण्यात होते.”

“मग बाई कुठून आणलीस लगेच?”

“मी आयुष्यभर रोमन लोकांचे पराक्रम शिकवलेत, बये. पुरुषांचं मला नको सांगूस.” तिने पत्रिकेचा कागद पुढे ओढला. “त्यांचं नाव काढते पत्रिकेतून. तीन पिढ्या काही थोड्या नाहीत.”

“आणि स्टोल?”

“तो डब्यात जाऊ दे. तुला नवा घेऊ.”

मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, मित्रांनो. सगळे मला ठाऊक होते. पण मी पडलो कापड.

ओडेसा मला घडी घालू लागली आणि कमरेपाशी तिचे बोट अडकले. तिरपा घातल्यावर माझी दोन टोके जिथे एकमेकांना भेटतात, तिथे एक टाका आहे. निळ्या दोऱ्याचा, वेडावाकडा. तिने चष्मा चढवला. टाक्याच्या आजूबाजूला सुईची भोकेच भोके होती, इतकी की रेशमाची जाळी झाली होती.

“हा कच्चा टाका आहे,” ती स्वतःशीच म्हणाली. “सगळी हयात कच्च्या टाक्यावर कोण काढतं?”

घरातली एकच व्यक्ती हे सांगू शकत होती. थॅडियसची धाकटी मुलगी, ओडेसाची आत्या, पर्नेला. नव्वदीची, वृद्धाश्रमात चाकांच्या खुर्चीत बसलेली, आणि शेजारणीच्या खिरीवर डोळा ठेवून असलेली. ओडेसाने मला तिच्या मांडीवर पसरले.

“आत्या, हा टाका कुणी घातला?”

पर्नेलाने मला डोळ्यांजवळ नेले. “मी. वाकडा आहे, मला माहितीय. बोलू नकोस.”

“पण कच्चा का?”

“आईनं बजावलं होतं म्हणून. बिशप येऊन गेला की ती जुना टाका काढायची आणि नवा घालायची. मी म्हटलं, एकदाच पक्का घाल की! तर म्हणाली, ‘पक्का घालायचा नाही. तुझ्या पपांना बोलावतील त्या दिवशी उसवायला वेळ लागायला नको.’ ती गेल्यावर मी घालायला लागले.”

ओडेसा खुर्चीच्या कडेला टेकली. “म्हणजे त्यांनी काही केलं नव्हतं?”

“करायचं काय होतं? काळे होते. तेवढं पुरलं.” पर्नेला थोडा वेळ माझ्या क्रूसांवरून बोटे फिरवत राहिली. “आई मरायला टेकली तेव्हा नदीला पूर होता. गोरा पाद्री येईना. आई म्हणाली, ‘थॅड, तुम्हीच द्या भाकर. देव काही म्हणणार नाही.’ पपांनी नाही दिली. म्हणाले, मला तो हक्क दिलेला नाही. तिचा हात धरून स्तोत्रं म्हणत बसले. भाकर टेबलावर तशीच. मी दहा वर्षांची होते. इतका राग आला होता मला त्यांचा! अजून आहे थोडा.”

“बाबांनी कधी हे सांगितलं नाही.”

“अँब्रोझ? त्याला लाज वाटायची. बाप तिरपा आणि आपण सरळ.”

“आणि तू? तू का नाही सांगितलंस मला?”

“तू विचारलंस कुठे? तू रिचमंडला विचारत होतीस.”

ओडेसा रडली. मला डोळ्यांना लावून रडली आणि मग माझ्यावरच डाग पडेल म्हणून घाबरून स्वतःच्या झग्याने मला टिपू लागली. मला तो डाग हवा होता.

पत्रिका पुन्हा छापली गेली. ‘धर्मगुरूंची चौथी पिढी’ हे शब्द गेले. सगळ्यांत वर आले: ‘रेव्हरंड थॅडियस गिलियम, अखेरपर्यंत डीकन.’

मित्रांनो, शेवटचे सांगण्याआधी माझी एक विनंती ऐका. घराण्याचा शोध घ्याल तेव्हा छापलेले जरूर वाचा. पण ज्याचे नाव अर्ध्यावर थांबलेले दिसेल, त्याच्यावर लगेच काट मारू नका. घरातले एखादे म्हातारे माणूस त्याला ओळखत असेल. त्याच्याजवळ जाऊन बसा, ते आहे तोवर. आणि आम्हा जुन्या कापडांना वर्षातून एकदा तरी वारा दाखवा.

दीक्षेच्या दिवशी कोरिन मला तिरपा घालून चर्चमध्ये आली. बिशपांनी आणि सगळ्या धर्मगुरूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवले. मग प्रथेप्रमाणे घरच्यांनी येऊन तिचा स्टोल सरळ करायचा होता. ओडेसाने पिशवीतून कात्री काढली.

“ठेव ती कात्री,” पुढच्या रांगेतून पर्नेला सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशी म्हणाली. “टाका माझा आहे.”

कोरिन तिच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसली. पर्नेलाने कमरेपाशी टाका चाचपला. दोऱ्याचे टोक सापडायला वेळ लागला, पण सापडल्यावर तो एका ओढीत निघाला. ओडेसाने मला उचलले, कोरिनच्या गळ्यात घातले आणि माझी टोके दोन्ही बाजूंना खाली सोडली. मला किती हलके वाटले म्हणून सांगू! माझ्या बाजूला असलेल्या रूफसचा नवा स्टोल माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याची पर्वा नव्हती.

कोरिनने भाकर उचलली, आशीर्वाद मागितला, मोडली. पहिला तुकडा तिने पर्नेलाच्या ओंजळीत ठेवला. पर्नेला त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने दुसऱ्या हाताने माझे लोंबते टोक मुठीत धरले.

“किती उशीर केलात, पपा,” ती म्हणाली, आणि तिने भाकर खाल्ली.