पहिलं पान

घरातली माणसं संगणकाच्या पहिल्या पानावर जोडून घेण्यात ह्यांचा फायदा सरळ होता: सकाळचा चहा गरम असतानाच संपवता येणार होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या यजमानांना, म्हणजे जनार्दनरावांना, दुसरं मागणं नव्हतंच.

पान त्यांनी स्वतः मांडलेलं. डावीकडे हवामान, उजवीकडे चार वर्तमानपत्रांच्या बातम्या, मधे क्रिकेट. हवामानाखाली जागा उरली तिथे त्यांनी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे त्यांच्या नानांना, बसवलं आणि त्यांच्या शेजारी मला. बातम्यांचे नुसते मथळे दिसावेत अशी सोय करून ठेवली होती. ती आम्हालाही लागू झाली. त्या दिवसापासून आम्ही दोघं चार-पाच शब्द बोलतो आणि थांबतो. हनुवटीखाली बारीक निळी अक्षरं उमटतात: पुढे वाचा. ह्यांनी माऊसने त्यावर दाबलं, तरच उरलेलं तोंडातून बाहेर पडतं.

मामंजींच्या दौंडच्या बदलीची गोष्ट गाडी सुटायच्या आतच थांबू लागली. हे खूश होते. "बघ, किती वेळ वाचतो," म्हणाले.

एक गोष्ट आणखी. एकच बातमी दोनदा दाखवायची नाही, असंही ह्यांनी पानाला बजावलं होतं. म्हणून बोललेलं पुन्हा बोलायला गेलं की नुसते ओठ हलतात.

त्या सकाळी मामंजी खुर्चीत येऊन बसले. दात अजून लावायचे होते.

"सूनबाई, पहाटेपासून छातीत..." म्हणाले आणि थांबले.

निळी अक्षरं उमटली. मी बोटाने दाबून पाहिलं. त्यांची दाढी बोटाला टोचली, बाकी काही नाही. त्यांनी स्वतः तळव्याने दाबलं. कपाळावर घाम होता. डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

मी डॉक्टर पटवर्धनांना फोन लावला. "आमच्या मामंजींना आज पहाटेपासून..." एवढं बाहेर पडलं.

"पहाटेपासून काय, वहिनी?" डॉक्टर म्हणाले. "हॅलो? वहिनी, बोला ना!"

माझे ओठ हलत राहिले. डॉक्टरांनी फोन ठेवला. पुन्हा लावला तेव्हा ते "कोण आहे रे?" असं ओरडले.

मी धावत ह्यांच्याकडे गेले. "अहो, मामंजींवर दाबा आधी!" तेवढं मावलं.

"क्रमाने येतील," हे म्हणाले. "आधी जुनं, मग नवं. नानांचं काय, रोजचंच आहे."

मी ह्यांचा हात धरून माऊसकडे ओढला. त्यांनी सोडवून घेतला. पानाच्या डोक्यावर न वाचलेल्यांचा आकडा असतो, आणि तो शून्य झाल्याशिवाय हे आंघोळीला जात नाहीत. देवपूजेपेक्षा कडक नेम. त्या सकाळी कुठलंसं मंत्रिमंडळ पडलं होतं आणि आकडा डोळ्यांदेखत फुगत होता.

"काय कटकट आहे!" हे म्हणाले, आणि त्यांनी 'सर्व वाचून झाले' दाबलं.

मामंजी फिके झाले. आधी चष्मा, मग सदरा, मग हात. चेहरा शेवटपर्यंत माझ्याकडे होता. निळी अक्षरं सगळ्यांत उशिरा गेली. खुर्चीच्या उशीवरचा खड्डा हळूहळू भरून आला.

"नाना?" हे म्हणाले. उठले, खुर्चीखाली वाकून पाहिलं. परत येऊन त्यांनी सापडेल ते बटण दाबलं. बाण पडद्यावर माशीसारखा फिरत होता. "परत आणायचं काहीतरी असतं गं... असायलाच हवं..."

पानाला रिकामी चौकट चालत नाही. तिथे अक्षरं आली: तुम्हाला हेही आवडेल. खुर्चीत एक गृहस्थ बसलेले होते. इस्त्रीचा सदरा, गुळगुळीत दाढी.

"नमस्कार," ते म्हणाले. "आज आकाश निरभ्र राहील. माझी काही तक्रार नाही."

पूर्ण वाक्यं. हे त्यांच्याकडे बघत राहिले. मग आकड्याकडे बघितलं. शून्य होतं.

"राहू देत," हे हळूच म्हणाले. "तात्पुरते."

"चहा घेईन," गृहस्थ मला म्हणाले. "साखर तुमच्या सोयीने."

मी आत गेले. मोरीच्या कट्ट्यावर वाटीत मामंजींची कवळी होती. ती पाण्यात उघडत होती, मिटत होती. मी वाटीला कान लावला. बुडबुडे वर येत होते आणि एकेक करून फुटत होते. बाहेर ह्यांनी चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला, गरम असावा. ह्यांना शून्य मिळालं, पाहुण्याला खुर्ची. किंमत मोजली ती एकट्या मामंजींनी, आणि वाटीत ते अजूनही मोजतच होते.