एक दिवस पुढे गेलेला शिक्का

मित्रांनो, माझे तोंड कायम काळे असते. हसू नका, ते शाईमुळे. मी एक जुना शिक्का आहे, तारखेचा. लाकडी मूठ, लोखंडी सांगाडा आणि पोटात रबराचे चार पट्टे. दोन पट्टे दिवसाच्या आकड्यांचे, एक महिन्याचा आणि एक वर्षाचा. बाजूची दातेरी चाके बोटाने फिरवली की माझी तारीख बदलते. मी आयुष्यभर खरे बोललो, पण एकदा माझ्या तोंडून खोटे गेले. तेव्हा मात्र माझे तोंड खरोखरच काळे झाले होते. ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

एका अरुंद गल्लीत, शिक्के बनवणाऱ्या कारागिराच्या दुकानात माझा जन्म झाला. त्याने मला जोडले, शाईत बुडवले आणि पहिला ठसा स्वतःच्या तळहातावर घेतला. मग तो हात नाचवत माजघरात गेला. "बघ गं, याचा सात कसा सुबक आलाय!"

"सात राहू दे," त्याची बायको म्हणाली. "आधी हात धुवा आणि पानावर बसा. जेवण गार होतंय."

माझे पहिले कौतुक ते एवढेच. दुसऱ्या दिवशी मला कागदात गुंडाळून विधानभवनात पाठवण्यात आले. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला प्रश्न शाखा होती. लोखंडी कपाटे, दोरीने बांधलेल्या फाइली, आणि एक टेबल, ज्याच्या आखूड पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा होता. त्या टेबलामागे बाई बसत. त्या शाखेच्या हेडक्लार्क. सगळे त्यांना ताई म्हणत, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. तीस वर्षे मी त्यांच्याच हातात होतो.

तुम्ही विचाराल, प्रश्नांची शाखा म्हणजे काय? सांगतो. सभागृहात भाषणे होतात, बाके वाजतात, आरडाओरडा होतो. पण बोललेले हवेत विरते. म्हणून आमदार सरकारी खात्यांना लेखी प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर खात्याला लेखीच द्यावे लागते आणि खाली मंत्र्यांची सही लागते. सही केलेले उत्तर खोटे निघाले तर ते अंगाशी येते. त्यामुळे भाषणाला न घाबरणारी मोठमोठी खाती त्या एका कागदाला मात्र टरकून असतात. आणि प्रश्नाच्या कागदावर पहिला ठसा माझा! मी उमटलो की खात्याचे दिवस मोजायला सुरुवात. सांगायला हरकत नाही, मला त्याचा फार गर्व होता.

खातीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. त्यांची ठरलेली उत्तरे मला पाठ झाली होती. ‘हे खरे नाही.’ ‘अंशतः खरे आहे.’ ‘माहिती गोळा करण्यात येत आहे.’ आणि सर्वांत लाडके म्हणजे ‘प्रश्न उद्भवत नाही.’ ‘होय, हे खरे आहे’ असे चार शब्द सरळ लिहिताना मात्र त्यांच्या लेखणीला कापरे भरे.

आता गुरुजींविषयी. ते नदीपलीकडच्या गावांचे आमदार. पूर्वी शाळामास्तर होते, म्हणून सगळे गुरुजीच म्हणत. त्यांच्याकडे एक पत्र आले होते. नदीपलीकडच्या दवाखान्यातल्या सिस्टरने ते लिहिले होते. तिने कळवले होते की दवाखान्यात एक्स-रेचे यंत्र आले, पण ते अजून खोक्यातच आहे. खोके व्हरांड्यात पडून आहे आणि पेशंट त्याचा बाकासारखा उपयोग करतात. ‘परवा एक आजी पाय मोडून आल्या,’ तिने लिहिले होते. ‘त्या दोन तास त्याच खोक्यावर बसल्या. मग आम्ही त्यांना एक्स-रेसाठी होडीने पलीकडे पाठवले. प्रत्येक हेलकाव्याला त्या ओरडत होत्या. आणि खात्याच्या वार्षिक अहवालात छापले आहे की यंत्र बसवले.’

गुरुजींनी पेटून प्रश्न विचारला. ‘नदीपलीकडच्या दवाखान्यात योग्य सुविधा आहेत काय?’ उत्तर आले, ‘होय.’ पुढच्या सगळ्या भागांना एकच उत्तर, ‘प्रश्न उद्भवत नाही.’

गुरुजी हातात तो कागद घेऊन शाखेत आले तेव्हा त्यांचा चेहरा अगदी पडला होता.

"गुरुजी, रागावू नका," बाई म्हणाल्या, "पण तुम्ही ‘योग्य’ लिहिलंत ना, तिथूनच ते निसटले. योग्य म्हणजे काय, ते त्यांनीच ठरवलं. खोकं आहे का, कुठे आहे, किती दिवस आहे, असं विचारा. पळायला फटच ठेवू नका."

"म्हणजे माझाच पेपर नापास," गुरुजी कसनुसे हसले.

"पुन्हा बसा की परीक्षेला. फक्त हे शेवटचं अधिवेशन आहे हं, पुढे निवडणुका. नियम ठाऊक आहे ना? अकरा तारखेपर्यंत आलेल्या प्रश्नाला खात्याला उत्तर द्यावंच लागतं. बारा तारीख उजाडली की प्रश्न बाद."

गुरुजी स्वतः नदी ओलांडून दवाखान्यात गेले. त्यांनी खोक्यावरचा क्रमांक उतरवून घेतला. खोके आले त्या दिवशीच्या पावतीची नक्कल घेतली. मग परतीची होडी चुकली, दुसरी उशिरा निघाली, आणि ते विधानभवनात पोहोचले तेव्हा अकरा तारखेची संध्याकाळ झाली होती.

इथे मला बाईंची एक सवय सांगायला हवी. रोज शेवटचा कागद हातावेगळा झाला की त्या माझी चाके फिरवून दुसऱ्या दिवसाची तारीख लावून ठेवत, म्हणजे सकाळी घाई नको. मग एका जाड वहीत माझा ठसा घेऊन आकडे नीट उमटतात का ते बघत, बाजूला पेन्सिलीने वेळ लिहीत आणि हात धुवायला जात. तीस वर्षांत हा क्रम कधी चुकला नव्हता. त्या दिवशीही पाच वाजून पाच मिनिटांनी त्यांनी मला बारा तारखेवर आणून ठेवले.

आणि दहा मिनिटांनी गुरुजी आले. चपला चिखलाने भरलेल्या, दम लागलेला, कागद मात्र कोरडा ठणठणीत. बाईंनी प्रश्न वाचला. पाच भाग, पाचही नेमके. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "गुरुजी, आता नाही हो सुटत ते!" त्या म्हणाल्या, आणि आनंदाच्या भरात त्यांनी मला उचलून कागदावर दाबले.

मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण शिक्क्याला पोटात असेल तेच ओठावर आणावे लागते. अकरा तारखेच्या कागदावर मी बारा म्हणालो.

आठ दिवसांनी खात्याचे पत्र आले. प्रश्न मुदतीनंतर दाखल झाला असल्याने बाद समजावा, अशी विनंती. बाईंनी मूळ कागद काढला, माझ्या ठशाकडे पाहिले, आणि कागद उजेडाकडे धरून तो आकडा पुन्हा वाचला. त्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. तीस वर्षांच्या सेवापुस्तकात एकही शेरा नव्हता, आणि आता त्यांच्या एका घाईमुळे ते खोके व्हरांड्यातच राहणार होते.

शेजारच्या टेबलावरचे टंकलेखक भले गृहस्थ होते. ते हळूच जवळ आले. "ताई, मी दोन मिनिटांत नवी प्रत टाइप करतो. गुरुजी सही देतील. तुम्ही चाक मागे फिरवा आणि अकराचा शिक्का मारा. खरंच तर आहे ते. कोणाला कळणार?"

बाईंचे बोट माझ्या चाकावर टेकले. खरे सांगतो मित्रांनो, मलाही वाटले, फिरवा! एकदाच फिरवा!

"मला कळेल," बोट उचलत बाई म्हणाल्या. "आज मी खऱ्यासाठी तारीख मागे नेली, तर उद्या कोणीतरी खोट्यासाठी नेईल, आणि मग या शिक्क्याची किंमत काय राहिली? नाही. चूक झाली तर चूक झाली म्हणू."

त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि लिहिले, ‘चूक माझी आहे.’ मग तो कागद, ती जाड वही आणि मला घेऊन त्या सभागृहाच्या अध्यक्षांच्या दालनात गेल्या. अध्यक्षा कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. तिथे खात्याचे उपसचिव आधीच बसले होते, इस्त्रीची घडी न मोडता.

"मॅडम, नियम म्हणजे नियम," ते मधाळ आवाजात म्हणाले. "शिक्क्यावर बारा आहे. आम्ही शिक्क्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर कोणावर?"

"मग शिक्क्यालाच विचारू," अध्यक्षा म्हणाल्या. "ताई, काय म्हणणं आहे तुमचं?"

बाईंनी एक शब्दही लपवला नाही. त्यांनी वही उघडून समोर ठेवली. अकरा तारखेच्या पानावर, सर्वांत खाली, माझा बारा तारखेचा ठसा होता. शेजारी पेन्सिलीने लिहिले होते, ‘सायं. ५.०५. काम संपले.’ म्हणजे अकराच्या संध्याकाळीच मी बारा बोलू लागलो होतो.

अध्यक्षांनी मुख्य दरवाजावरची नोंदवही मागवली. अकरा तारखेला गुरुजी आत आल्याची वेळ होती पाच वाजून दहा मिनिटे. बारा तारखेच्या पानावर त्यांचे नावच नव्हते.

उपसचिवांनी घसा साफ केला. "तरीसुद्धा मॅडम, चूक तर कार्यालयाचीच..."

"आहे ना. त्यांनी ती स्वतः सांगितली," अध्यक्षा म्हणाल्या. "तुमच्या खात्यानं यंत्र बसवलं म्हणून छापलंय, ती चूक सांगायला कोण आलंय?"

उपसचिव समोरचे कागद सारखे करू लागले. निर्णय तिथेच झाला. प्रश्न अकरा तारखेचाच धरायचा, उत्तर अधिवेशन संपण्याआधी द्यायचे. आणि बाईंना लेखी ताकीद. "ताई, मला ती द्यावीच लागेल," अध्यक्षा जरा मऊ आवाजात म्हणाल्या.

"द्या, मॅडम," बाई म्हणाल्या. "मात्र उत्तर येऊ द्या."

ताकिदीचा कागद दुसऱ्या दिवशी शाखेत आला. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का हवाच. बाईंनी माझी तारीख दोनदा तपासली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा तपासली आणि स्वतःच्या ताकिदीवर मला ठामपणे उमटवले. इतका सरळ ठसा मी आयुष्यात उमटवला नव्हता.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, खात्याचा लिफाफा आला. गुरुजी सकाळपासून शाखेतच बसून होते. बाईंनी आधी शिक्का मारला, मग कागद गुरुजींपुढे केला. पण त्यांचे डोळे भरून आले होते. "तुम्हीच वाचा, ताई," ते म्हणाले.

बाईंनी वाचले. यंत्र बसवले असे अहवालात छापले आहे काय? ‘होय, हे खरे आहे.’ ते प्रत्यक्षात खोक्यातच आहे काय? ‘होय, हे खरे आहे.’ किती दिवस? ‘आठशे एक्कावन्न दिवस.’ जबाबदार कोण? ‘चौकशी सुरू करण्यात आली असून अहवाल सभागृहासमोर ठेवण्यात येईल.’ यंत्र कधी सुरू होणार? ‘पुढील महिन्याच्या पंधरा तारखेस.’ आणि खाली मंत्र्यांची सही, ठसठशीत.

टंकलेखकांनी टेबल असे बडवले की आखूड पायाखालचा पुठ्ठा उडून गेला. बाकीच्या शाखांतले लोक काय झाले म्हणून दारात जमले. गुरुजी धोतराच्या सोग्याने डोळे पुसत म्हणाले, "दोनदा! दोनदा ‘होय’ लिहिलं हो त्यांनी!" आणि बाई? त्यांनी मला मुठीत इतके घट्ट धरले की त्यांच्या तळहातावर माझी तारीख उमटली. ती त्यांनी संध्याकाळपर्यंत धुतली नाही.

पंधरा तारखेला यंत्र सुरू झाले. सिस्टरचे पत्र आले, त्यासोबत पायाच्या हाडाचा एक एक्स-रेही होता. पहिला मान त्या आजींना मिळाला होता. हाड नीट जुळले होते. सिस्टरने लिहिले होते, ‘आजी खूश आहेत, पण तक्रार करतात की खोके नेले, आता आम्ही बसायचे कुठे? म्हणून त्याच फळ्यांचा बाक करून घेतला आहे.’ बाई ते पत्र वाचून खळखळून हसल्या आणि त्यावरही त्यांनी माझा ठसा घेतला, नियमात बसत नव्हते तरी.

त्यांच्या निवृत्तीच्या संध्याकाळी सगळे काम आटोपल्यावर त्यांनी मला नेहमीसारखे उचलले. बोट चाकावर गेले आणि थांबले. "उद्याची तारीख उद्याच लागू दे," त्या मला म्हणाल्या. माझे तोंड त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसले आणि मला जागेवर ठेवले. तो दिवस आठवला की अजूनही माझ्या रबरात ओलावा येतो.

आता प्रश्न संगणकावर येतात. माझे रबर तडकले आहे आणि मी टाचण्यांच्या डबीशेजारी खणात असतो. पण बाईंची ती वही अजून चालू आहे. अध्यक्षांनीच तसा नियम केला. तारीख छापणारे नवे यंत्रसुद्धा रोज सकाळी आपली तारीख त्या वहीत आधी दाखवते, मगच कामाला लागते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना कधीतरी खणातून काढून पुसत जा, एवढे आमच्यासाठी. आणि तुमच्यासाठी सांगतो. प्रश्न असा विचारा की उत्तर देणाऱ्याला पळायला फट राहणार नाही. तुमचा शिक्का चुकीचा पडला, तर चाक मागे फिरवू नका, कागद घेऊन पुढे व्हा. मी त्या दालनात होतो. माझे तोंड शाईने काळे होते आणि बाईंच्या मुठीत मी ताठ उभा होतो.